फुगलेल्या बेरजा
डेटाबेसमध्ये ग्रुप बाय (समान नोंदींचे गट पाडणारा आदेश) लावून दोन तक्त्यांतील बेरजा एकदम मागितल्या आणि दोन्ही फुगून आल्या, की दोष त्या आदेशाच्या माथी मारला जातो. वस्तुतः बिघाड गट पडण्यापूर्वीच, जॉइनच्या (तक्ते जोडण्याच्या क्रियेच्या) वेळी झालेला असतो. वाण्याच्या खतावणीत एका गिऱ्हाइकाची उधारी 100, 200 व 100 रुपये अशी तीनदा आणि जमा 150 व 50 अशी दोनदा मांडलेली असता, मुनिमाने प्रत्येक उधारीसमोर प्रत्येक जमा रक्कम लिहून काढली, तर सहा ओळी होऊन 400 ची उधारी 800 आणि 200 ची जमा 600 भरेल. यंत्र नेमके हेच करते, आणि तेही बिनतक्रार. यावर डिस्टिंक्ट (सारख्या किमती एकदाच धरणारा शब्द) हा उतारा पुष्कळजण सुचवतात. परंतु तो 100 च्या दोन स्वतंत्र नोंदी एकच समजून उधारी 300 वर आणतो, आणि जमा मात्र योगायोगाने बरोबर दाखवतो, हे अधिक घातक. म्हणून दोन्ही बेरजा निरनिराळ्या सबक्वेरींत (मुख्य प्रश्नाच्या पोटातील उपप्रश्नांत) गिऱ्हाइकवार आधी करून, प्रत्येकाची एकेकच ओळ उरल्यावर, गिऱ्हाइकांच्या मूळ तक्त्यातील सर्वांना राखणाऱ्या लेफ्ट जॉइनने त्या जोडाव्यात. एरवी ज्याने छदामही भरलेला नाही, तोच बाकीदारांच्या यादीतून सुटतो.