चित्रकथेसाठी सॉफ्टवेअर निवडताना

'कॉम्प्युटरवर चित्रकथा करायची आहे, तर कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?' हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. त्यांत कलाशाखेची मुलं असतात, शाळेच्या वार्षिक अंकाचं काम अंगावर पडलेले शिक्षक असतात आणि निवृत्तीनंतर जुनी हौस पुरी करू पाहणारी मंडळीही असतात. स्वयंपाकघरात 'तवा घेऊ की कढई?' असं कुणी विचारलं, तर आपण आधी 'करायचंय काय?' असं विचारतो. इथंही तसंच आहे. फरक एवढाच की, चुकीच्या भांड्यानं एका दिवसाचा स्वयंपाक बिघडतो. चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षभराची मेहनत अडकून पडते.

चित्र आणि चित्रकथा यांत मोठा फरक आहे. एकच सुंदर चित्र काढायचं असेल तर आज साधनांना तोटा नाही. पण चित्रकथेच्या मागण्या वेगळ्या असतात. पहिल्या पानावर भेटलेली मुलगी दहाव्या पानावर पाठमोरी दिसली, तरी वाचकानं तिला ओळखलं पाहिजे. फुग्यातली अक्षरं विनासायास वाचता आली पाहिजेत. आणि केलेलं काम उद्या, पाच वर्षांनी, पुन्हा उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे. ओळख, अक्षर आणि आयुष्य या तीन कसोट्या लावल्या की जाहिरातीतली बरीचशी चकाकी आपोआप गळून पडते.

संगणकाची चित्रकथा ही काही कालची गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९८५ साली फर्स्ट कॉमिक्स या प्रकाशनानं 'शॅटर' नावाची मालिका काढली. पीटर गिलिस यांनी ती लिहिली आणि माइक सेन्झ यांनी ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर माउसनं काढली. त्या मॅकचा पडदा काळा-पांढरा होता आणि त्यावर आडवे ५१२ व उभे ३४२ ठिपके मावत. रेषा दातेरी यायच्या, रंग नंतर हातानं भरावे लागत. तरीही ते चाललं, कारण कथा भविष्यातल्या यांत्रिक शहराची होती आणि दातेरी रेषा तिला शोभून दिसल्या. १९९० साली पेपे मोरेनो यांचं 'बॅटमॅन: डिजिटल जस्टिस' आलं, तेही संगणकावर केलेलं. तेव्हा कौतुक मुख्यतः यंत्राचं होतं. यंत्राची नवलाई दोनचार वर्षांत ओसरते आणि मग वाचकापुढे उरते ती कथा, हे आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आज संगणकाकडून चित्र करून घेण्याचे ढोबळमानानं तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग पडद्यावर स्वतः रेखाटण्याचा. त्यासाठी पेन टॅब्लेट लागतो. क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर आणि जपानच्या सेल्सिस कंपनीचं क्लिप स्टुडिओ पेंट ही या मार्गावरची दोन चांगली साधनं. क्लिप स्टुडिओ विकत घ्यावं लागतं, पण चौकटी, फुगे आणि हव्या त्या पवित्र्यात उभे करता येणारे पुतळे अशा चित्रकथेच्या खास सोयी त्यात आहेत. ज्यांचा हात चालतो, त्यांना इथं संगणक कागदाच्या जागी येतो, एवढंच.

दुसरा मार्ग त्रिमितीय बाहुल्यांचा. याची तुलना बाहुलीनाट्याशी करता येईल. पात्र एकदा घडवायचं, त्याला कपडे घालायचे, प्रत्येक चौकटीसाठी त्याचे हातपाय वळवायचे, दिवे लावायचे आणि आभासी कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. १९९५ साली लॅरी वाइनबर्ग यांनी केलेलं पोझर हे सॉफ्टवेअर याच कल्पनेतून आलं. चित्रकाराच्या टेबलावरच्या लाकडी पुतळ्याची जागा त्यानं घेतली. आज डॅझ स्टुडिओ आणि ब्लेंडर ही दोन नावं जास्त ऐकू येतात. डॅझ स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कंपनी पैसे कमावते ते माणसं, कपडे, केस आणि घरं विकून. ब्लेंडर संपूर्ण मोफत आहे, पण शिकायला वेळ मागतं.

या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे ओळख. बाहुली तीच असल्यामुळे नाक, कपाळ, उंची कुठंही बदलत नाही. वाडा एकदा उभारला की चौक, ओटी, माजघर कोणत्याही कोनातून हवं तितक्या वेळा दिसतं. तोटा असा की, माणसं मेणाच्या पुतळ्यासारखी ताठ दिसतात आणि रागावली तरी रागावल्यासारखी वाटत नाहीत. ब्लेंडरमध्ये 'फ्रीस्टाइल' नावाची एक सोय आहे. ती आकारांच्या कडांवर शाईसारखी रेषा ओढते, त्यामुळे चित्र फोटोपासून दूर आणि रेखाटनाच्या जवळ येतं. आणखी एक व्यावहारिक अडचण सांगतो. तयार मिळणारा बराचसा माल परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. नऊवारी, फेटा, जातं, एसटीचा थांबा हे सगळं दुकानात मिळेलच असं धरून चालू नका. ते स्वतः घडवायची तयारी असेल तरच या वाटेला जावं.

तिसरा मार्ग सध्या सर्वांच्या तोंडी आहे, तो म्हणजे वाक्य लिहून चित्र मिळवण्याचा. मिडजर्नी, ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन, ही त्यातली ठळक नावं. चित्र आणि त्याखालची ओळ अशा कोट्यवधी जोड्यांवर ही यंत्रणा शिकवलेली असते. चित्र करताना ती वेड्यावाकड्या ठिपक्यांपासून सुरुवात करते आणि आपल्या वाक्याला धरून पायरीपायरीनं तो गोंधळ कमी करत जाते. इथंच चित्रकथेची अडचण सुरू होते. 'दोन वेण्यांची दहा वर्षांची मुलगी' असं दहा वेळा लिहिलं, तर यंत्र दहा मुली देतं. आपली मुलगी त्याच्याकडे कुठं जपून ठेवलेली नसते. पहिल्या चौकटीत परकराला काठ असतो, तिसऱ्या चौकटीत तो नाहीसा होतो.

यावर उपाय निघाले आहेत. नव्या सेवांत एक नमुनाचित्र देऊन 'हीच मुलगी काढ' असं सांगता येतं आणि पूर्वीपेक्षा ते बरंच जमतं. स्टेबल डिफ्यूजनसारख्या खुल्या यंत्रणेला 'लोरा' नावाची छोटी पुरवणी जोडता येते; आपल्या पात्राची पंधरा-वीस चित्रं दाखवून ती शिकवायची असते. २०२३ साली आलेल्या 'कंट्रोलनेट' या पद्धतीत रेखाटन किंवा उभं राहण्याची ढब आपण ठरवून देतो आणि यंत्र त्याबरहुकूम चित्र भरतं. म्हणजे ब्लेंडरमधली बाहुली सांगाडा म्हणून वापरायची आणि वरचा साज यंत्राकडून करून घ्यायचा, असा मेळही घालता येतो. मात्र हे घरच्या संगणकावर करायचं तर ग्राफिक्स कार्ड चांगलं हवं. त्याची स्वतःची मेमरी किमान आठ जीबी असेल तर बरं.

मग निवड कशी करायची? माझी सूचना अशी की पैसे भरण्याआधी चार चौकटींची परीक्षा घ्यावी. एकच मुलगी चार प्रसंगांत दाखवा. समोरून हसणारी, पाठमोरी पळणारी, चुलीपुढे बाजूनं बसलेली आणि पावसात आजीच्या छत्रीखाली उभी असलेली. मोफत किंवा चाचणीच्या आवृत्तीत एवढं करून बघा. मग ही चित्रं घरातल्या एखाद्याला दाखवा, काही न सांगता. 'ही मुलगी कोण कोण आहे?' असा प्रश्न आला तर ते साधन तुमच्या कामाचं नाही, मग एकेक चित्र कितीही देखणं असो. चौथ्या चौकटीत बहुतेकांची परीक्षा होते, कारण दोन माणसं जवळ आली की बाहुल्या एकमेकींत घुसतात आणि यंत्र बोटांची अदलाबदल करतं.

आता अक्षराकडे येऊ. या बाबतीत माझे स्वतःचे हात पोळले आहेत. २००४ साली एका दिवाळी अंकासाठी बारा पानांची चित्रकथा केली होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फाँट असा होता की, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असत. काही फुगे मी चित्रातच कायमचे मिसळून टाकले होते. काही वर्षांनी पुस्तक काढायची वेळ आली, तेव्हा तो फाँट नव्या संगणकावर चढेना. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसू लागला. जे फुगे चित्रात मिसळले होते, त्यातली शुद्धलेखनाची चूकही सुधारता येईना. अखेर सगळे संवाद पुन्हा लिहिले आणि तीन पानं पुन्हा काढली.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. मजकूर युनिकोडमध्येच, आणि तो चित्रापासून वेगळ्या थरावर किंवा वेगळ्या फाइलीत. फ्रान्सचे डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा मोफत सॉफ्टवेअरवर करतात. चित्रं क्रिटात, फुगे इंकस्केपमध्ये. मजकूर वेगळा असल्यामुळे जगातले वाचक ती आपापल्या भाषेत आणू शकले. आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली 'अमर चित्र कथा' चित्र तेच ठेवून निरनिराळ्या भाषांत निघत आली, त्यामागे हेच तत्त्व आहे.

सॉफ्टवेअरला मराठी नीट येतं की नाही, हे बघायला काही शब्द टंकून पाहा. 'किल्ला', 'शक्ती', 'सूर्य', 'ट्रक', 'श्री' आणि 'दुसऱ्या'. पहिली वेलांटी अक्षरानंतर पडली, रफार भलतीकडे गेला किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसलं, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये फुगे भरू नयेत. 'दुसऱ्या'तला अर्धा र हा खास आपला. फाँट मराठीसाठी विचार करून केला आहे की नाही हे तो लगेच सांगतो. इंकस्केप या परीक्षेत उतरतं. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडावा लागतो. आणि वाक्यावरून चित्र करणाऱ्या यंत्राला फुग्यातली अक्षरं काढायला सांगूच नये. नवी यंत्रं यात सुधारली असली तरी एखादं जोडाक्षर बिघडलं तर ते खोडून नीट करण्याची सोय तिथं नसते.

छपाईसाठी आणखी एक हिशेब हवा. चांगल्या छपाईला एका इंचात तीनशे ठिपके धरतात. म्हणजे ए-फोर आकाराच्या पानाला आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके लागतात. यंत्रानं दिलेलं १०२४ ठिपक्यांचं चौरस चित्र कागदावर पावणेनऊ सेंटिमीटरच्या आतच भरतं. चित्र मोठं करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती नसलेला तपशील अंदाजानं भरतात, हे विसरू नये. अक्षरं फक्त काळ्या शाईत छापली जावीत. ती चित्रात मिसळली तर चारही रंगांत फुटतात आणि प्लेट केसभर सरकली की बारीक टाइप धूसर होतो. यासाठी मोफत मिळणारं स्क्रायबस उपयोगी पडतं.

राहिली आयुष्याची कसोटी. सॉफ्टवेअरलाही मरण असतं. आपल्या छापखान्यांत घरोघरीचं नाव असलेल्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. फ्रीहँडचं काम २००७ साली थांबलं. २०१३ साली ॲडोबीनं मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं. वर्गणी थांबली की हत्यार हातातून जातं. उलट ब्लेंडरची गोष्ट बघा. ते बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा टॉन रोसेंडाल यांनी वापरणाऱ्यांकडून एक लाख युरो गोळा केले आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. आज ते जोमात आहे. महागडं सॉफ्टवेअर वापरू नका असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक पानाची एक प्रत पीएनजी आणि पीडीएफमध्ये, आणि संवादांची साधी मजकुराची फाइल जवळ ठेवा.

शेवटी मालकीचा प्रश्न. क्रिस काश्तानोव्हा यांनी मिडजर्नीच्या चित्रांवर 'झार्या ऑफ द डॉन' ही चित्रकथा केली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्णय दिला की मजकूर आणि मांडणी लेखकाची, पण यंत्रानं काढलेली एकेक चित्रं संरक्षित नाहीत. दुसरीकडे चित्रकारांचीही तक्रार आहे की आमची चित्रं न विचारता यंत्राला शिकवायला वापरली. २०२२ च्या अखेरीस क्लिप स्टुडिओनं चित्र करणारी सोय जाहीर केली आणि वापरणाऱ्यांच्या विरोधामुळे काही दिवसांतच मागे घेतली. म्हणून स्वतःची कच्ची रेखाटनं, स्वतः घडवलेल्या बाहुल्या, पात्रांचे नमुने तारखांसह जपून ठेवा. हयात चित्रकाराचं नाव घालून त्याची शैली मागवू नका. आणि प्रकाशकाला आधीच सांगा, यातलं हातानं किती आणि यंत्रानं किती.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांनी एक रुपयाही खर्च करू नये. क्रिटा, ब्लेंडर, इंकस्केप आणि स्क्रायबस ही चारही मोफत आहेत. त्यांवर चार पानांची एक पूर्ण कथा करा, शेजारच्या छापखान्यात तिची एक प्रत काढा आणि ती एखाद्या मुलाच्या हातात द्या. ते मूल कुठं अडखळतं ते बघा. चेहऱ्यावर अडखळलं तर चित्राचं साधन बदला, फुग्यावर अडखळलं तर अक्षराचं. कुठंच न अडखळता त्यानं 'पुढं काय झालं?' असं विचारलं, तर साधन बदलायचं कारण नाही. पाचवं पान करायला घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)