क्राफ्ट ब्रुअरीची पारख : शेतकऱ्याच्या दृष्टीनें

चिकलठाणा, शेंद्रा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींमुळें छत्रपति संभाजीनगर ऊर्फ पूर्वींचें औरंगाबाद या शहराचें नांव बिअरच्या धंद्यांत देशभर झालें आहे. येथील कारखाने मोठे आहेत व त्यांचा माल दूरदूरच्या बाजारांत जातो. परंतु गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या धंद्याची एक लहान शाखा महाराष्ट्रांत पसरूं लागली आहे. तिला 'क्राफ्ट ब्रुअरी' असें म्हणतात. यंत्रांच्या मोठ्या राबत्याऐवजीं एका जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं थोड्या प्रमाणावर, निरनिराळ्या चवींची बिअर जेथें तयार होते, ती क्राफ्ट ब्रुअरी, अशी तिची स्थूल व्याख्या करतां येईल. पुण्यांत इ. स. २००९ मध्यें निघालेली 'डूलाली' ही महाराष्ट्रांतील या जातीची पहिली ब्रुअरी. हें नांव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलें आहे. तेथील लष्करी छावणींत विलायतेच्या बोटीची वाट पाहून ज्या गोऱ्या शिपायाचें डोकें फिरे, त्यास इंग्रज लोक 'डूलाली' म्हणत.

अमुक ब्रुअरी सर्वोत्तम, तमुक ब्रुअरी त्याहून सरस, असें वारंवार ऐकूं येतें. उत्तम कशास म्हणावें हें ठरविण्याचा अधिकार केवळ पिणाराचाच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचें धान्य त्या भांड्यांत शिजतें व ज्याच्या खोऱ्यांतील पाणी त्यांत पडतें, त्या शेतकऱ्यासहि तो अधिकार आहे. म्हणून या धंद्याची पारख कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणें हा आमचा हेतु नाहीं. तसेंच, परवान्यावांचून बिअर गाळणें हा १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें गुन्हा आहे, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम कृति समजून घेऊं. जव (सातू) भिजत घालून त्यास मोड आणतात व मोड थोडा वाढतांच तें धान्य भट्टींत वाळवितात. यास माल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत असे पाचक पदार्थ उत्पन्न होतात कीं, जे पिठुळ भागाची साखर करूं शकतात. माल्ट भरडून ६२ ते ६८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत सुमारें तासभर ठेवलें म्हणजे गोड रस तयार होतो. तो गाळून, हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून उकळतात, त्वरेनें थंड करतात आणि त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व वायु उत्पन्न करतें. सारें शास्त्र एवढेंच. परंतु यांतील प्रत्येक पायरीवर चूक करण्यास भरपूर जागा आहे, आणि उत्तम व सामान्य यांतील अंतर तेथेंच पडतें.

पाणी

बिअरमध्यें शेंकडा ९० हून अधिक भाग पाण्याचा असतो. म्हणून जुन्या काळीं ज्या गांवचें पाणी जसें, तशी तेथील बिअर प्रसिद्धीस आली. बोहेमियांतील पिल्झेन गांवचें पाणी अत्यंत हलकें, तेथें इ. स. १८४२ मध्यें फिकट सोनेरी बिअर निघाली व तिचें अनुकरण जगभर झालें. इंग्लंडांतील बर्टन गांवच्या पाण्यांत जिप्समचा अंश फार; तेथें कडवट चवीची बिअर नांवाजली. आपल्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, त्या पाण्यांतील क्षार माल्टच्या रसाची आम्लता कमी करतात. त्यामुळें साखर होण्याची क्रिया मंदावते व चवींत एक तुरटपणा उतरतो. उत्तम कारागीर प्रथम पाण्याचें पृथक्करण करून घेतो व जरूर तेवढेंच पाणी शुद्ध करतो. सरसकट सर्व पाणी यंत्रांतून काढणाराच्या हातून बरेंचसें पाणी खारट होऊन वायां जातें.

आमच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे : एका लिटर बिअरमागें पाणी किती लागतें ? उत्तम व्यवस्थेच्या मोठ्या कारखान्यांत हें प्रमाण सुमारें तीन लिटरांवर आलेलें आहे. लहान ब्रुअरींत भांडीं धुणें, थंड करणें व सांडलवंड यांमुळें तेंच सहा-सात लिटर किंवा त्याहूनहि अधिक होतें. दिवसाला हजार लिटर बिअर करणारी एक ब्रुअरी तीन पट पाणी वापरते व दुसरी सात पट वापरते असें धरलें, तर दोहोंत रोजचा फरक चार हजार लिटरांचा पडतो. एका दुभत्या म्हशीस पिण्यास व धुण्यास मिळून ६५ लिटर पाणी धरलें, तर एवढ्या पाण्यांत साठांवर म्हशींची सोय होते.

हा हिशेब केवळ कागदी नव्हे. चिकलठाण्याच्या वसाहतीस पाणी येतें तें पैठणच्या जायकवाडी धरणांतून, आणि त्याच जलाशयावर शहराची तहान व शेतकऱ्यांचे कालवे अवलंबून आहेत. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोणी विसरलें नसेल. त्याच एप्रिल महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्याच्या कारखान्यांचें पाणी टप्प्याटप्प्यानें शेंकडा ६० पर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. ज्या कारखान्यानें अगोदरच काटकसर केली आहे, त्यासच अशी आपत्ति सोसतां येते. मराठवाड्यांत तरी जी ब्रुअरी पाण्याचा हिशेब दाखवूं शकत नाहीं, तिला, तिची चव कितीहि वाखाणली गेली तरी, उत्तम म्हणतां येणार नाहीं.

धान्य

येथें एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यास पावसांत सांपडून काळी पडलेली ज्वारीहि चालते. ऊर्ध्वपातनांत दाण्याचा रंग व बराचसा वास मागें राहतो. इ. स. २००७ मध्यें महाराष्ट्र शासनानें धान्यापासून मद्यार्क काढण्यास उत्तेजन देणारें धोरण आंखलें, तेव्हां अशा ज्वारीस गिऱ्हाईक मिळेल असें सांगण्यांत येत होतें. त्यावर पुढें मोठा वादहि माजला. ब्रुअरीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें दाण्याची चव सरळ पेल्यांत उतरते. बुरशी धरलेला दाणा मोड नीट आणीत नाहीं, वास बिघडवितो व आरोग्यासहि घातक ठरूं शकतो. म्हणून ब्रुअरीस बियाण्याच्या तोडीचें धान्य लागतें : शंभर दाण्यांत निदान पंचाण्णव उगवले पाहिजेत, दाणा टपोरा व एकसारखा पाहिजे, आणि त्यांतील प्रथिनांचें प्रमाण शेंकडा ९ ते ११॥ च्या आंत पाहिजे. नत्रखत अधिक दिलें कीं प्रथिनें वाढतात, पिठुळ भाग घटतो व बिअर गढूळ होते. गहूं पिकविणारास जें भूषण, तें येथें दूषण ठरतें.

यावरून कोणी जव पेरण्यास धांवूं नये. माल्टचा जव राजस्थान, हरियाणा, पंजाब व पश्चिम उत्तर प्रदेश या भागांत होतो, कारण तेथील थंडी लांबते. आपल्याकडे फेब्रुवारींतच ऊन तापूं लागतें. दाणा भरण्याच्या वेळीं उष्णता वाढली कीं तो बारीक राहतो व त्यांतील प्रथिनें चढतात. भावाचा लेखी करार हातीं असल्याखेरीज या पिकाच्या नादीं लागणें आम्हांस शहाणपणाचें दिसत नाहीं.

ज्वारीचें काय, असा प्रश्न साहजिकच येईल. आफ्रिकेंत ज्वारीची बिअर परंपरेनें होत आली आहे. आणि नायजेरियानें इ. स. १९८८ मध्यें जवाची आयात बंद केल्यावर तेथील मोठ्या कारखान्यांनींहि ज्वारीचा अवलंब केला. म्हणजे गोष्ट अशक्य नाहीं. मात्र अडचणी तीन आहेत. ज्वारीचें पीठ शिजण्यास जवापेक्षां अधिक उष्णता लागते. मोडांतील साखर करणारें द्रव्य तिच्यांत कमी असतें. आणि दाण्यास टरफल नसल्यामुळें रस गाळण्यास चाळणीसारखा उपयोगी पडणारा कोंड्याचा थर बनत नाहीं. म्हणून ती निराळी शिजवून मग जवाच्या माल्टांत मिसळणें हा सोपा मार्ग होय. आमच्या रब्बी ज्वारीस असें गिऱ्हाईक मिळालें तर तें स्वागतार्हच आहे. स्थानिक माल वापरण्याची बुद्धि या धंद्यांत नाहीं असेंहि नाहीं. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' या ब्रुअरीनें कोकणच्या आमसुलाची बिअर केलेली आहे. तथापि शंभर लिटर बिअरला माल्ट लागतें सुमारें १८ ते २० किलो. लहान ब्रुअरीच्या मागणीनें तालुक्याचा बाजार हलणार नाहीं. निवडक दाणा देणाऱ्या दहा-पांच शेतकऱ्यांस चांगला भाव मिळेल इतकेंच. यापेक्षां मोठें आश्वासन कोणी देत असल्यास सावध राहावें.

स्वच्छता, थंडावा आणि धीर

बिअर आंबट कां होते, हें शोधतांना लुई पाश्चरनें सूक्ष्म जंतूंचा छडा लावला व इ. स. १८७६ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. पुढें इ. स. १८८३ मध्यें डेन्मार्कांतील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हान्सेन यानें यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढविण्याची रीत बसविली. त्याच नांवाच्या कंपनीनें कालांतरानें आमच्या शहराजवळहि कारखाना काढला. दुधाचा धंदा करणारास ही गोष्ट वेगळी सांगावयास नको : चरवी न धुतां दूध काढलें तर दुधाचा दोष नसतो. उत्तम ब्रुअरींत कारागिराचा निम्म्याहून अधिक वेळ धुण्यांत जातो. फरशी, नळ्या, झडपा यांवरून नजर फिरविली कीं पुष्कळसा निकाल तेथेंच लागतो.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. 'एल' जातीच्या बिअरला १८ ते २२ अंश, तर 'लागर' जातीच्या बिअरला ८ ते १२ अंश उष्णतामान लागतें. चिकलठाण्याच्या वेधशाळेंत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो; तेव्हां भांडें अहोरात्र थंड ठेवण्याची सोय नसेल तर यीस्ट बेफाम होऊन उग्र वास उत्पन्न करतें. तिसरी गोष्ट धीराची. लागर कित्येक आठवडे थंडींत मुरावी लागते. गिऱ्हाईक दारांत उभें असतांहि जो अपुरी मुरलेली बिअर बाहेर काढीत नाहीं, तोच खरा कारागीर. कच्चें फळ पिकविण्याची घाई न करणाऱ्या बागाईतदारासारखा.

जें मागें उरतें तें

शेवटची कसोटी आमच्या मतें सर्वांत खरी आहे. शंभर लिटर बिअरमागें सुमारें २० किलो ओला चोथा उरतो. वाळलेल्या वजनाच्या मानानें त्यांत पांचव्या हिश्श्याहून अधिक प्रथिनें असतात; म्हणून दुभत्या जनावरांस तो उत्तम खाद्य होय. परंतु त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्यामुळें उन्हाळ्यांत तो दोन दिवसांत नासतो. ताजा मिळाल्यास दोन किलोंपासून आरंभ करून, मोठ्या दुभत्या गाईस हळूहळू दहा किलोंच्या आसपास न्यावा व सोबत खनिज मिश्रण द्यावें, कारण चोथ्यांत चुन्याचा अंश कमी असतो. उरलेला चोथा मुरघासाप्रमाणें हवाबंद दाबून ठेवावा. बुरशी आलेला चोथा जनावरांस मुळींच घालूं नये. तळाशीं बसलेलें यीस्टहि उकळून मारल्याखेरीज देऊं नये. नाहींतर पोट फुगतें.

सांडपाण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्यांत साखर, यीस्ट व चोथ्याचे कण असतात. तें तसेंच नाल्यांत सोडलें तर पाण्यांतील प्राणवायु संपून दुर्गंधि सुटते व मासे मरतात. आणि आमच्या सुखना नदीस आणखी भार सोसण्याची शक्ति नाहीं. भांडीं धुण्यास कॉस्टिक सोडा वापरतात. असें पाणी 'खताचें पाणी' म्हणून कोणी फुकट देऊं केलें तरी तपासल्यावांचून शेतांत घेऊं नये, कारण सोडियमनें काळी जमीन चोपण होते आणि ती सुधारण्यास पुढें वर्षें लागतात.

तेव्हां आपल्या शिवाराजवळ अशी ब्रुअरी निघाली, तर गांवानें प्रारंभींच पुढील प्रश्न विचारावेत : एका लिटरमागें पाणी किती, व तें कोठून ? टंचाईच्या वर्षीं काय करणार ? धान्य कोणाकडून, कोणत्या प्रतीचें व कोणत्या लेखी भावानें घेणार ? चोथा रोजच्या रोज कोणास देणार ? सांडपाणी कोठें जाणार, व त्याची तपासणी गांवास दाखविणार काय ? या प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांनीं देणारा मनुष्य बहुधा आपल्या कामांतहि चोख असतो; कारण पाणी मोजणारा, दाणा पारखणारा व भांडें स्वच्छ ठेवणारा कारागीरच चांगली बिअर करूं शकतो. जो उत्तर देण्याचें टाळतो, त्याच्या भिंतीवर पारितोषिकें कितीहि लटकत असोत, आपल्या विहिरीची व जमिनीची काळजी आपणच घेतली पाहिजे.