गोधडी घरची, गठ्ठा विक्रीचा

समजा, खामगावातल्या एका घरी मागच्या खोलीत विक्रीच्या गोधड्यांचा गठ्ठा पार छताला टेकलाय आणि शॉर्ट सर्किट होऊन आग लागली. विमा कामी येईल? भारत गृहरक्षा ही १ एप्रिल २०२१पासूनची प्रमाणित पॉलिसी घर आणि घरगुती सामानासाठी आहे. सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. पण विकायचा माल हे घरसामान नव्हे! त्यासाठी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेची भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी वेगळी घ्यावी. घरातून विक्री चालते हे विमा कंपनीला लेखी कळवाच. लपवलं तर दावा अडकू शकतो. कापडाच्या पावत्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नुसत्या वहीत नको. वहीही त्याच खोलीत असते.