बाजारातील मध व त्याची पारख

आठवड्याच्या बाजारात मध विकावयास आलेला माणूस आगपेटीची काडी मधात बुडवून ती पेटवून दाखवितो. पेल्यातील पाण्यात मधाची धार सोडून ती तळाशी कशी जाते तेही दाखवितो, आणि जमलेल्या मंडळींची खात्री पटते. वर्गात मधमाशीचा पाठ चालू असता विद्यार्थीही या प्रयोगांविषयी हटकून विचारतात. या प्रयोगांनी नेमके काय सिद्ध होते, याचा उलगडा शिक्षकास करता यावयास हवा. याच समजुतींपायी मधपाळाचा अस्सल माल नाकारला जातो आणि साखरेचा पाक खुशाल खपून जातो.

मकरंद म्हणजे मध नव्हे. फुलातील मकरंदात बहुधा निम्म्याहून अधिक पाणीच असते. माशी तो आपल्या मधाच्या पिशवीत भरून आणते. तिच्या शरीरातील पाचकरसाने त्यातील उसाच्या जातीची साखर फुटते व तिच्यापासून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा तयार होतात. पोळ्यात माश्या पंखांनी वारा घालून पाणी उडवितात. पाण्याचे प्रमाण शेकडा 20 च्या आसपास किंवा त्याहून खाली आले म्हणजे त्या घरावर मेणाचे झाकण घालतात. झाकण पडण्यापूर्वीच काढलेला कच्चा मध पुढे आंबतो; शुद्ध असूनही तो टिकत नाही.

महाराष्ट्रात आग्या, सातेरी आणि फुलोरी या माश्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचे मोहोळ कड्यावर किंवा उंच झाडावर असते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत राहणारी असल्याने पेटीतही नांदते. महाबळेश्वरच्या परिसरातील मधपालनाचा व्यवसाय तिच्यावरच उभा राहिला. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलांचा मध तेथे मिळतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्या वर्षी तिचा गडद रंगाचा मधही हाती येतो. याच तालुक्यातील मांघर हे 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

परंतु दुकानात बाटलीतून मिळणारा मध बहुतांशी या माश्यांचा नसतो. तो युरोपीय मेलिफेरा माशीचा असतो. 1960 नंतरच्या दशकात ही माशी प्रथम हिमाचल-पंजाबच्या बाजूस रुजली व तेथून सर्वत्र पसरली. तिच्या पेट्या मालमोटारीत घालून मधपाळ फुलोऱ्यामागे हिंडतात. थंडीत राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश येथील मोहरीच्या शेतांत त्यांचा मुक्काम असतो; मार्चच्या सुमारास ते बिहारात मुझफ्फरपूरच्या लिचीच्या बागांकडे वळतात. केरळ व कन्याकुमारीकडे रबराच्या झाडांपासून पुष्कळ मध मिळतो. गंमत अशी की, तो फुलांतील नव्हे, तर कोवळ्या पानांच्या देठांवरील ग्रंथींतून पाझरणारा रस असतो! हा सारा माल पिंपांतून कारखान्यात येतो. तेथे तो कोमट करून गाळतात, त्यातील जादा पाणी काढतात आणि निरनिराळ्या ठिकाणचे मध एकत्र करतात. म्हणूनच बाटल्यांची चव व रंग वर्षभर सारखे राहतात. यात लबाडी काही नाही. मात्र फार तापविल्यास मधाचे गुण कमी होतात.

आता घरगुती परीक्षांकडे वळू. मध पाण्याच्या सुमारे 1.4 पट जड असल्याने तो तळाशी जातो. पण गुळाचा घट्ट पाकही तसाच तळाशी जातो. शिक्षकांनी दोन पेले शेजारी ठेवून हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा; मुले ते कधी विसरणार नाहीत. काडी पेटणे किंवा न पेटणे हे द्रवात पाणी किती आहे यावर अवलंबून असते. टिपकागदावर थेंब न पसरणे व अंगठ्यावर न ओघळणे यांवरूनही घट्टपणाच कळतो, मूळ नव्हे. पावसाळी हवेतला सातेरीचा पातळसा खरा मध या परीक्षांत नापास होईल आणि साखरेचा दाट पाक उत्तीर्ण होईल. मध थिजला की त्यात साखर आहे असे लोक म्हणतात, हा तर निव्वळ अन्यायच होय. द्राक्षशर्करा अधिक असलेला मध स्वभावतःच रवाळ होतो; मोहरीचा तर लवकर थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार मधात पाणी शेकडा 20 हून अधिक व उसाची साखर सर्वसाधारणपणे शेकडा 5 हून अधिक नसावी. मध जास्त तापविल्यास किंवा फार दिवस ठेवल्यास त्यात एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते. त्याची मर्यादा किलोमागे 80 मिलिग्रॅम आहे. दुसरी युक्ती कार्बनची. ऊस व मका या वनस्पती हवेतील कार्बन निराळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण किंचित अधिक असते. माश्यांच्या उपयोगाची बहुतेक झुडपे-झाडे तशी नाहीत. म्हणून मधात उसाचा किंवा मक्याचा पाक मिसळला की यंत्रावर तो उघडा पडतो. हे ध्यानी येताच भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण भात या बाबतीत फुलझाडांच्याच पंगतीला बसतो. मग तांदळाच्या पाकाची खूण शोधणारी चाचणी आली. तिलाही चुकविणारे पाक निघाले.

डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने 13 छापांचे मध जर्मनीतील प्रयोगशाळेत आण्विक चुंबकीय अनुनाद या पद्धतीने तपासून घेतले. त्यांतील 10 अनुत्तीर्ण ठरले. उत्पादकांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. ही पद्धत नमुन्याची तुलना साठविलेल्या अस्सल मधांच्या नोंदींशी करते. त्यामुळे कारवीसारख्या क्वचित मिळणाऱ्या मधाची नोंदच तेथे नसेल, तर खऱ्यावरही शंका येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

शुद्धतेशी संबंध नसलेली एक गोष्ट पालकसभेत सांगण्याजोगी आहे. नवजात बालकास मधाचे बोट चाटविण्याची चाल अनेक घरांत आहे. मध कितीही अस्सल असला, तरी त्यात एका घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या मुलांना ते बाधत नाहीत; परंतु वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ते वाढून त्यास पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये.

जवळच्या माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर मोठ्या विद्यार्थ्यांस एक प्रयोग दाखविता येईल. गावच्या मधपाळाकडील चमचाभर मध दुप्पट कोमट पाण्यात विरघळवून उंच पेल्यात रात्रभर ठेवावा. सकाळी वरचे पाणी हलकेच ओतून टाकावे व तळाच्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्यावा. गोल, तिकोनी, काटेरी असे परागकण त्यात दिसतात. परिसरातील फुलांचे पराग आधी स्वतंत्र काचपट्ट्यांवर पाहून ठेवले असल्यास, माशी कोणत्या झाडांवर गेली होती हे मुलांस स्वतःच ओळखता येते. कारखान्यात बारीक गाळलेल्या मधात मात्र असे कण थोडेच सापडतील.