चितेचे लाकूड आणि विहिरीचे पाणी

चिखलदऱ्यात आषाढाचे धुके उतरले की दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी कोणी गेले, तर पहिली चिंता कोरड्या लाकडाची. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. ओले असेल तर त्याहून जास्त, वर डिझेल. शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असते. त्यात लाकूडही भिजलेले, म्हणजे बरीच उष्णता नुसती वाफ करण्यात जाते आणि अर्धवट जळण्यातून काजळी उठते. शिवाय सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड. नवे झाड तो परत शोषते खरे, पण त्याला कितीतरी वर्षे लागतात.

मेळघाटातील कोरकू परंपरेने दफन करतात. पुढे सिडोलीचा विधी होतो, सूर्य-चंद्र कोरलेला लाकडी मुंडा उभा राहतो. लाकूड लागते ते एवढेच. हवेच्या हिशेबात ही पद्धत फार हलकी.

प्रश्न आहे तो पाण्याचा. देह कुजताना त्यातून नायट्रोजनयुक्त द्रव दीर्घकाळ झिरपतो. खोल मातीत जिवाणू तो पचवतात. पण गाविलगडच्या डोंगरात अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली भेगाळलेला काळा खडक. भेगांतून पाणी गाळले न जाताच पुढे सरकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या अहवालातील अंतरे इथे कामाची: पिण्याच्या विहिरीपासून २५० मीटर, झऱ्या-नाल्यापासून ३० मीटर, खड्ड्याच्या तळाखाली किमान १ मीटर माती. जुलै २०२२ मध्ये याच तालुक्यातील पाचडोंगरी, कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्याने साथ पसरून माणसे दगावली. तिथे विषय दफनाचा नव्हता. पण डोंगरावर एक विहीर बिघडणे किती महागात पडते, ते दिसले.

विद्युतदाहिनी? महिन्याकाठी मोजकेच अंत्यसंस्कार होत असतील, तर थंड भट्टी पुन्हा पुन्हा तापवण्यातच वीज संपायची, आणि ती वीजही बहुतांशी कोळशाची. वऱ्हाडाचा पर्याय शेतातच पडला आहे: पऱ्हाटी, तुराट्या. नागपूरच्या घाटांवर शेतकचरा दाबून केलेले ‘मोक्षकाष्ठ’ वापरले जाते. सपाटीवरून ते घाट चढवून आणता येईल. मात्र पावसाळ्याआधी, आणि पक्क्या छपराखाली ठेवायला; ओल लागली की त्याचा भुगा होतो.