स्थूलतानिवारक शस्त्रक्रियेनंतरचे गर्भारपण
वजन घटविण्यासाठी जठर वा लहान आतडे यांवर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचे पुढील गर्भारपण. पूर्वी मधुमेह असलेल्या स्त्रीच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे. कारण शस्त्रक्रियेने रक्तशर्करेचा धोका घटतो, पण पोषणाच्या उणिवेचा धोका वाढतो.

एका प्रकारात जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात. दुसऱ्यात जठराचा लहानसा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोन्हींमुळे आहार घटतो, आतड्यातील संप्रेरकांचे स्रवण बदलते आणि अनेकींची रक्तशर्करा औषधांवाचून प्राकृत पातळीवर येते. तथापि मधुमेह पुन्हा उद्‌भवू शकतो. म्हणून गर्भधारणेपूर्वी रक्तशर्करा, डोळे व मूत्रपिंडे यांची तपासणी आवश्यक असते.

स्वीडनमधील नोंदींवर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत १·९ टक्के, तर त्यांच्या आधीच्या वजनाइतक्याच वजनाच्या इतर स्त्रियांत ६·८ टक्के आढळले. उलट, वाढ कमी झालेल्या अर्भकांचे प्रमाण अनुक्रमे १५·६ व ७·६ टक्के होते.

उणिवांचा प्रश्न स्थानिक आहाराशीही निगडित आहे. परभणी जिल्ह्यात ज्वारी हे पारंपरिक अन्न होय. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सहभागाने २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त अधिक असते. परंतु ब१२ जीवनसत्त्व धान्यातून मिळत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या अभ्यासात बहुसंख्य गर्भिणींत ब१२ कमी आढळले. ज्या मातांत ते कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीनला मिळणारा प्रतिसाद मंद होता. शस्त्रक्रियेनंतर ब१२ चे शोषण आणखी घटते. त्यामुळे केवळ लोह व फॉलिक अम्ल देणे पुरेसे नसते.

वजन उतरू लागताच गर्भधारणेची शक्यता वाढते. तरी १२ ते १८ महिने थांबावे. संततिप्रतिबंधक गोळ्यांचे शोषण अपुरे होण्याचा संभव असल्याने अन्य साधन वापरणे श्रेयस्कर. ग्लुकोज पाजून करावयाच्या चाचणीने घाम, धडधड व घेरी येऊ शकते. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरी रक्तशर्करा मोजतात. पोटात तीव्र वेदना झाल्यास आतडे अडकले असण्याचा संभव लक्षात घेऊन तत्काळ शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा.