गाडीचा पंखा विजेवर घ्यावा काय?

कोकणपट्टीत आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची रोजी गाडीवर चालते. कोणाची प्रवासी जीप आहे, कोणाचा मासळीचा टेम्पो आहे, तर कोणी आखातातून परतल्यावर शिल्लक पैशांत छोटे गॅरेज टाकले आहे. दाभोळसारख्या गावी गाडीची रोजच परीक्षा असते. बंदर वाशिष्ठीच्या मुखाशी, अगदी पाण्यालगत. तेथून दापोलीकडे निघाले की रस्ता सड्यावर चढू लागतो. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाल्यापासून गुहागर बाजूच्या गाड्याही याच वाटेने येतात. भरलेली जुनी जीप दुसऱ्या गिअरवर चढू लागली की पाण्याचा काटा वर सरकतो. मग कोणीतरी हमखास सल्ला देतो : "बेल्टवरचा पंखा काढून टाका आणि विजेचा बसवा. गाडी गरम होणार नाही, शिवाय डिझेल वाचेल." या सल्ल्यात तथ्य किती, हे खर्च करण्यापूर्वी तपासून पाहिले पाहिजे.

दोन पंख्यांतील फरक

जुन्या जीपा, अँबॅसडर, प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांत पंखा इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात. मग पाणी गार असो वा गरम. पंख्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की त्याला लागणारी ताकद आठपट होते. सपाट हमरस्त्यावर गाडी वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो. तेथे हा पंखा इंजिनची ताकद विनाकारण खातो.

१९८३ साली मारुती ८०० बाजारात आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे बेल्टचे टोक रेडिएटरकडे न येता बाजूला जाते. त्यामुळे तिला विजेचा पंखा देणे भागच होते. हा पंखा इंजिनच्या वेगावर नव्हे, तर पाण्याच्या उष्णतेवर चालतो. पाणी साधारण ९०-९५ अंशांवर गेले की स्विच त्याला सुरू करतो आणि उतरले की बंद करतो.

चढावर काय होते?

चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये असते. चाके हळू फिरतात, पण इंजिन जोरात फिरते. म्हणजेच बेल्टचा पंखा नेमक्या गरजेच्या वेळी पूर्ण जोराने वारा ओढत असतो. त्या जागी लहान कारचा विजेचा पंखा बसवला, तर वारा कमी पडेल आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापेल. गाडी जागेवर उभी राहून इंजिन मंद चालू असेल, तेव्हा मात्र विजेचा पंखा सरस ठरतो. परंतु फेरीबोटीची वाट पाहताना इंजिन बंद ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

डिझेलच्या बचतीचेही तसेच. मुंबई-गोवा महामार्गावर लांब पल्ल्याने धावणाऱ्या गाडीला थोडा लाभ होईल. दाभोळ-दापोली अशा चढ-वळणांच्या, थांबत थांबत होणाऱ्या फेऱ्यांत तो फारसा जाणवणार नाही.

आधी रोग शोधा

चांगल्या स्थितीतील गाडी मूळ पंख्यावर घाट चढलीच पाहिजे. ती तापत असेल तर कारण बहुधा दुसरीकडे असते. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार व गाळ, जाळीत चिखल, अडकलेला थर्मोस्टॅट, ढिला बेल्ट, झिजलेला वॉटर पंप, दाब न धरणारे झाकण किंवा बारीक गळती, हे सर्व क्रमाने तपासावे. विहिरीच्या जड पाण्याऐवजी योग्य प्रमाणात कूलंट वापरावे. रोग तसाच ठेवून पंखा बदलला तर तो काही दिवस झाकला जाईल. पुढे हेड गॅस्केट उडाली की संपूर्ण हंगामाची कमाई गॅरेजात जाईल.

बसवायचाच असेल तर

प्रथम अल्टरनेटरचा हिशेब करावा. २५ अँपिअरचा पंखा १२ व्होल्टवर सुमारे ३०० वॅट खातो. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे आणखी १० अँपिअर. पावसाळ्याच्या रात्री वायपर, मागचे दिवे, हॉर्न धरले तर बेरीज ४० च्या पुढे जाते. अल्टरनेटर ४५ अँपिअरचा असेल तर बॅटरीसाठी काय उरले? त्यातही इंजिन मंद चालू असताना अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही.

पंखा रेडिएटरच्या मागे, वारा ओढणारा असावा आणि त्याला पूर्ण झाकणारे कव्हर असावे. प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून तो बांधू नये. घासून रेडिएटरला भोक पडते. रिले, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर आणि पक्की अर्थिंग हवीच. खाऱ्या हवेत व मासळीच्या पाण्यात जोड लवकर गंजतात, म्हणून रिले उंचावर ठेवून जोड ग्रीसने झाकावेत. ड्रायव्हरसमोर इशाऱ्याचा दिवा आणि हाताने चालू करण्याचा स्विच द्यावा.

बऱ्याच जुन्या गाड्यांत वॉटर पंप व अल्टरनेटर त्याच बेल्टवर असतात, हेही विसरू नये. पंखा विजेचा झाला तरी बेल्ट तुटल्यावर पाणी फिरणे थांबते आणि गाडी तापतेच. जुना पंखा काढल्यावर पुलीचे बोल्ट लांब पडू शकतात. ते योग्य मापाचे घ्यावेत. काढलेला पंखा भंगारात न देता जपून ठेवावा.

मेकॅनिकची जबाबदारी

वापरलेल्या कारचा पंखा काढून "नवा" म्हणून बसवणे, किंवा रेडिएटर गाळाने भरला आहे हे दिसत असूनही पंखा विकणे, यात एक दिवसाचा नफा आहे. मालाचा ऐब ग्राहकाला सांगणे हे आपल्याकडे विक्रेत्याचे कर्तव्य मानले आहे, आणि गॅरेजही त्याला अपवाद नाही. त्या गाडीत बसणारे प्रवासी ही ड्रायव्हरकडे सोपवलेली अमानत असते. "तुमच्या गाडीला पंख्याची गरज नाही, रेडिएटर साफ करून घ्या," असे सांगणाऱ्या मेकॅनिकचे आज एक काम कमी होईल; पण पुढच्या वेळी तोच ग्राहक आणखी दोघांना घेऊन येईल. हलाल रोजीतील बरकत ती हीच.